आधी विचारपूस, मग उपचार

वाचकहो, मागच्या हिवाळ्यात एका वृद्ध रुग्णाला झोपेची गोळी देण्याच्या मी अगदी बेतात होते. ती चिठ्ठी का लिहिली गेली नाही, त्याची ही हकीकत आहे. रुग्ण माझ्याच घरातला होता, वय वर्षे ८३. माझे सासरे. त्यांना आम्ही सारे नाना म्हणतो.

सुमारे तीन आठवडे नाना नीट झोपत नव्हते. रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीत दिवा दिसे. जेवण अर्ध्यावर आले होते. एरवी १३५ च्या आसपास राहणारा वरचा रक्तदाब १६४ झाला होता. विचारले की उत्तर ठरलेले असे, “काही नाही गं, वय झालं.” मी रक्त तपासले. साखर, सोडियम, थायरॉइड, मूत्रपिंडाचे कार्य, सारे ठीक होते. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. नवे औषध सुरू झालेले नव्हते. डॉक्टर म्हणून जे पाहायचे ते पाहून झाले होते, आणि आता थोडे दिवस झोपेची गोळी देऊन पाहावी, असे माझ्या मनाने घेतले.

ज्येष्ठांना झोपेच्या गोळ्या देताना आम्हा डॉक्टरांचा हात अडखळतो, आणि तो अडखळायलाच हवा. या वयात ते औषध शरीरातून लवकर निघून जात नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, सकाळी गोंधळल्यासारखे होते. म्हणून चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी नानांच्या पलंगावर बसले आणि निराळा प्रश्न विचारला. “नाना, दोन वाजता उठून तुम्ही करता काय?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते मेल उघडतंय का बघतो.”

येथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. नानांची धाकटी बहीण, आमच्या आत्याबाई, बडोद्यात असतात. वय ७९. त्यांना ऐकू कमी येते. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात प्रथम वरच्या पट्टीतले ध्वनी हरपतात. स, श, फ, त ही व्यंजने पुसट होतात. आवाज येतो, परंतु शब्द उमगत नाही. समोरासमोर ओठांकडे पाहून निभावते, फोनवर तीही सोय नसते. श्रवणयंत्र लावूनही पुष्कळांना फोनवरचे बोलणे जड जाते. आणि नानांच्या हातांना कंप आहे. हात स्थिर असताना तो दिसत नाही, काही करायला गेले की दिसतो. मोबाइलच्या काचेवरची इवलीशी अक्षरे त्यांच्या बोटाखाली सापडत नाहीत. एक दाबायला जावे तर तीन उमटतात.

बहिणीला ऐकू येत नाही आणि भावाला मोबाइलवर लिहिता येत नाही, म्हणून गेली अकरा वर्षे या दोघांचे सारे बोलणे ईमेलने चालले आहे. नानांच्या खोलीत टेबलावरचा मोठा संगणक आहे. त्यात ईमेलचा एक प्रोग्राम बसवलेला आहे. पडदा मोठा, अक्षरे मोठी, कळफलक भक्कम. सकाळचा चहा झाला की नाना पत्र लिहायला बसतात. आईच्या हातची कोणती भाजी कशी होती, विहिरीवर कोण पडले होते, कोणाचे लग्न कोणत्या साली झाले, या साऱ्याचा निवाडा त्या पत्रांतून होतो.

तो प्रोग्राम तीन आठवड्यांपासून उघडताच बंद पडत होता. अर्धा मिनिट चाले, खिडकी पांढरीफटक होई आणि नाहीशी होई. नानांनी कोणालाच सांगितले नव्हते. त्यांना वाटत होते की आपल्याच थरथरत्या बोटाने काहीतरी भलते दाबले गेले. त्याहून वाईट म्हणजे, काय दाबले ते आठवत नाही याचा अर्थ आपली स्मृती चालली, असे ते मनाशी धरून बसले होते. रात्रीची झोप त्या विचाराने उडाली होती.

वाचकहो, ज्येष्ठ मंडळी छातीतले दुखणे जसे मुलांपासून लपवतात, तशीच यंत्राची बिघाडकथाही लपवतात. कारण एकच असते. आपण ओझे होऊ नये, आणि “तुम्हाला आता हे जमायचं नाही” हे वाक्य ऐकावे लागू नये. ते वाक्य मी स्वतः वर्षभरापूर्वी बोलले होते. “नाना, तो जुना संगणक सोडा आता, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवा.” ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आवाज पाठवा, असा तो माझा सल्ला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दवाखाना बंद. मी नानांशेजारी खुर्ची ओढून बसले आणि पहिली चूक केली. चौकशी न करता उपचार केला. प्रोग्राम काढून टाकला आणि नव्याने बसवला. नानांचा चेहरा तेवढ्या वेळात उतरला होता. “पत्रं गेली का गं?” असे त्यांनी दोनदा विचारले. सुदैवाने गेली नव्हती, कारण अशा प्रोग्रामांत पत्रे बहुधा वेगळ्या ठिकाणी, वापरणाऱ्याच्या नावाच्या कप्प्यात साठवलेली असतात. त्यालाच ‘प्रोफाइल’ म्हणतात. पण त्याच कारणाने दुखणेही गेले नाही. प्रोग्राम पुन्हा अर्ध्या मिनिटात बंद पडला. तापलेल्या माणसाचे कपडे बदलावेत आणि ताप उतरला का पाहावे, तसे ते झाले.

तेव्हा मी हात आवरला आणि रोज रुग्णांना विचारते तेच प्रश्न विचारले. हे कधी सुरू झाले? त्या वेळी काय करत होता? दर वेळी होते की कधीकधी? त्या सुमारास नवे काय आले?

नानांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत त्यांनी धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. ती सवय मोडलेली नाही. रक्तदाब त्याच वहीत असतो. आणि त्याच पानांवर, रक्तदाबाच्या आकड्याखाली, कापऱ्या अक्षरात लिहिले होते, “स. १०.२०, बंद पडले. १०.३५, बंद पडले. रात्री २.१०, बंद पडले.” तीन आठवड्यांची नोंद. ज्या माणसाची स्मृती चालली आहे असे त्याला वाटत होते, त्याच्या इतका नेटका वृत्तांत मला दवाखान्यात क्वचितच मिळतो. मी तसे म्हणाले. ते हसले नाहीत, पण त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

आता उपचारापूर्वीचा पहिला नियम. जे आहे ते आधी सुरक्षित करावे. ईमेल साठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत पत्रे सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर राहतात आणि घरच्या यंत्रावर त्यांची प्रत येते. दुसरीत ती घरी उतरवून घेतली जातात आणि सर्व्हरवरून पुसली जातात. नानांची व्यवस्था जुनी, दुसऱ्या रीतीची होती. म्हणजे अकरा वर्षांची पत्रे जगात एकाच ठिकाणी होती, त्या आजारी संगणकात. प्रोग्राम बंद करून प्रोफाइलच्या कप्प्याची प्रत मी पेनड्राइव्हवर घेऊ लागले. यंत्र म्हणाले, फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा, आणि रिकामा. कारण असे की पुष्कळसे पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. नानांच्या ‘इनबॉक्स’ची फाइल साडेसहा जीबीची होती. तेव्हा कपाटातली बाहेरची हार्डडिस्क काढली आणि तिच्यावर प्रत घेतली.

मग एका वेळी एकच बदल. हा नियम माझ्या पेशात पहिल्या दिवसापासून शिकवतात. चार औषधे एकदम बदलली तर गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा ते कळत नाही.

पहिली चाचणी, प्रोग्राम सुरक्षित अवस्थेत म्हणजे ‘सेफ मोड’मध्ये उघडणे. काही प्रोग्रामांत शिफ्टची कळ दाबून धरून उघडतात, काहींत कंट्रोलची. या अवस्थेत मागाहून जोडलेल्या लहानसहान पूरक सोयी बंद राहतात. बिघाड थांबला तर दोष त्या जोडकामाचा. आमच्याकडे थांबला नाही. ती शक्यता वहीत काट मारून बाद केली.

दुसरी चाचणी, नवे कोरे प्रोफाइल तयार करणे. जुन्याला हात न लावता. त्यात प्रोग्राम तासभर सुखाने चालला. म्हणजे प्रोग्राम निरोगी होता आणि दोष नानांच्या साठवलेल्या पत्रांच्या बाजूला होता. दरम्यान एक छोटी अडचण वारंवार येई. बंद पडलेला प्रोग्राम डोळ्यांसमोरून जातो, परंतु आत अर्धवट जिवंत राहतो, आणि पुन्हा उघडायला गेले की “आधीच चालू आहे” अशी सूचना येते. नाना इतके दिवस त्या सूचनेलाही आपलीच चूक समजत होते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की चालू कामांची यादी दिसते. तेथून त्याला पूर्ण बंद करता येते. ते न जमल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

तिसरी तपासणी सर्वांत सोपी होती आणि मी ती सर्वांत शेवटी केली. संगणकाच्या मुख्य डिस्कवर मोकळी जागा किती आहे? पाहिले तर जागा दाखवणारी पट्टी लालभडक. जवळजवळ काही उरलेलेच नव्हते.

त्याचे कार्यकारण असे. आपण ईमेल पुसतो तेव्हा ते यादीतून जाते, पण अनेक प्रोग्रामांत त्याचा मजकूर मूळ फाइलमध्ये तसाच राहतो. तो खरोखर काढून टाकण्यासाठी प्रोग्राम अधूनमधून ‘कॉम्पॅक्ट’ नावाची आवराआवर करतो. त्यात तो जिवंत पत्रांची नवी फाइल लिहितो आणि मग जुनी टाकतो. अर्थात काही काळ दोन्ही फाइली मावतील एवढी जागा लागते. ती नसेल तर काम मध्येच तुटते. तुटलेल्या कामाच्या अर्धवट प्रती मागे पडून राहतात आणि उरलीसुरली जागाही खातात. नाना जितक्या वेळा उघडून पाहत, तितके दुखणे वाढत होते.

मी हे समजावून सांगितले. नाना म्हणाले, “म्हणजे पाणी सोडायला सांडवाच नव्हता.”

पण जागा भरली कशाने? मी मोठ्या फाइली शोधल्या. एकाच कप्प्यात जवळजवळ ६० जीबी. नातवाच्या लग्नाच्या चित्रफिती आणि छायाचित्रे. ती तेथे ठेवल्याची तारीख पाहिली, मग नानांच्या वहीतली पहिली नोंद पाहिली. एका दिवसाचे अंतर होते. ती चित्रे तेथे मीच ठेवली होती, नानांना मोठ्या पडद्यावर लग्न पाहता यावे म्हणून.

वैद्यकशास्त्रात उपचारजन्य व्याधी म्हणून एक प्रकार असतो. दुखणे रोगाने होत नाही, बरे करायला आलेल्या हाताने होते. तीन आठवडे एक वृद्ध माणूस स्वतःच्या बोटांना आणि स्मृतीला दोष देत होता, आणि दोष सुनेच्या हातून घडला होता. तसे मी त्यांना स्पष्ट सांगितले. क्षमा मागितली. ते म्हणाले, “अगं, लग्न छान दिसलं की पडद्यावर.” आणि मग हळूच, “म्हणजे मी काही दाबलं नव्हतं.”

“नाही नाना. तुम्ही काही दाबलं नव्हतं.”

लग्न बाहेरच्या डिस्कवर हलवले. अर्धवट प्रती काढल्या. तरीही इनबॉक्स उघडताना एकदा प्रोग्राम पडला, कारण वारंवार मध्येच तुटल्याने त्या फाइलची सूची बिघडली होती. पत्रांची फाइल म्हणजे पुस्तक, आणि सूची म्हणजे त्याची अनुक्रमणिका. आमच्या प्रोग्रामात ती सूची ही इनबॉक्सच्याच नावाची एक वेगळी, लहान फाइल असते. प्रोग्राम बंद असताना तेवढी बाजूला काढली, आणि पुन्हा उघडल्यावर त्याने ती स्वतः नव्याने तयार केली. त्याला वीस मिनिटे लागली. या वेळात काही दाबायचे नसते. आम्ही दोघांनी शेंगा सोलल्या. हे काम प्रत घेतल्याशिवाय मात्र कोणी करू नये, आणि सूची कोणती व पत्रे कोणती याची खात्री नसेल तर जाणकाराला शेजारी बसवून करावे. पुढच्या रविवारी पत्रे वर्षवार कप्प्यांत लावली, एका वेळी काहीशेच, आणि शेवटी आवराआवरीची आज्ञा दिली. ती निर्विघ्न पार पडली.

यातच आणखी एक गोष्ट उघड झाली. आठवडाभरापूर्वी नानांनी मदतीसाठी इंटरनेटवर शोधून एका क्रमांकावर फोन केला होता. पलीकडच्या गोड आवाजाने संगणकाचा ताबा घेऊ देणारे एक ॲप उतरवायला सांगितले आणि मग ‘शुल्का’साठी कार्डाचा क्रमांक मागितला. तेथे नानांनी फोन ठेवला. लाजेपोटी तेही सांगितले नव्हते. ते ॲप मी काढून टाकले, पासवर्ड बदलले, बँकेचे व्यवहार तपासले. तुमच्या घरात असे घडले तर त्या माणसाला रागावू नका. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतक्रमांकावर आणि बँकेला ताबडतोब कळवा. वेळ जितका कमी जाईल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

पासवर्डाचेही सांगते. खरे तर नवी पत्रे ब्राउझरमधून, त्या प्रोग्रामशिवाय, वाचता आली असती. पण पासवर्ड प्रोग्रामने लक्षात ठेवला होता, माणसाने नाही. आता तो एका कागदावर लिहून कपाटात, महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे. पत्रांची प्रत दर महिन्याच्या एक तारखेला घेतली जाते. नाना ती स्वतः घेतात आणि वहीत नोंद करतात. कंपासाठीही विंडोजमध्येच सोय आहे. ‘फिल्टर कीज’ चालू केले की चुकून लागलेला ओझरता स्पर्श किंवा एकाच कळेची पुनरुक्ती यंत्र सोडून देते. माउसच्या दुहेरी टिचकीचा वेग कमी करता येतो, किंवा चिन्ह निवडून एंटर दाबले तरी चालते. अकरा वर्षांत हे नानांना मी कधी दाखवले नव्हते.

प्रोग्राम उघडला तेव्हा सर्व्हरवर थांबलेली पत्रे एकदम उतरली. त्यांत आत्याबाईंची नऊ होती. पहिल्यात लोणच्याची चौकशी. पुढच्यांत प्रकृतीची. बडोद्याशी आमचे फोन होत होते, पण ते “सगळं ठीक” एवढ्यावर संपत. शेवटचे पत्र एका ओळीचे होते, “दादा, माझं काही चुकलं का?”

तिकडे बडोद्यालाही एक म्हातारी बाई तीन आठवडे स्वतःलाच दोष देत बसली होती.

नानांनी मला खोलीबाहेर जायला सांगितले नाही, पण मी उठले. कळफलकाचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता. त्या रात्री दोन वाजता खोलीत दिवा नव्हता. रक्तदाब काही दिवसांनी पूर्वीच्या आकड्यावर आला. तो केवळ ईमेलमुळे उतरला असे मी म्हणणार नाही. झोप आली, जेवण सुधारले, गोळ्या वेळेवर घेतल्या गेल्या, हे सारे त्यात आले. झोपेची गोळी मात्र लागली नाही.

प्रत्येक निद्रानाशाचे मूळ संगणकात असते, असा याचा अर्थ नाही. घरातले ज्येष्ठ अचानक अबोल झाले, जेवेनासे झाले, गोंधळले, तर प्रथम डॉक्टरांना दाखवा. तपासण्या टाळू नका. पण तपासण्यांसोबत हेही विचारा, की रोज जे करत होता त्यातले अलीकडे काय थांबले? उत्तर मिळेपर्यंत बसून राहा. यंत्र दुरुस्त करायला बसाल तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसू नका, शेजारी बसा, आणि माउस त्यांच्याच हाती राहू द्या. हात थरथरला तर थरथरू द्या. वेळ लागेल.

आणि जे ज्येष्ठ वाचक हे स्वतः वाचत आहेत, त्यांना एवढीच विनंती. यंत्र बंद पडले तर दिवस, वेळ आणि पडद्यावर काय दिसले ते कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद त्याच दिवशी कोणाला तरी दाखवा. तीन आठवडे थांबू नका.